खुलासा : फ्लॉमची गाडी दातेरी रुळावर चढत नाही
नॉर्वेतल्या फ्लॉम रेल्वेच्या व्हिडिओखाली ‘पर्यटकांसाठी बांधलेली, दातेरी रुळावर चढणारी गाडी’ असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत. फ्लॉम ते मीर्डाल हा सुमारे २० किलोमीटरचा मार्ग साध्या रुळांचाच आहे; गाडीचं दातेरी चाक अडकवायला मधे वेगळा दातेरी रूळ नाही. चढ जास्तीत जास्त ५.५ टक्के, म्हणजे १८ मीटरला १ मीटर. तरी गाडी केवळ चाक-रुळाच्या घर्षणावर ८६० मीटरहून अधिक उंची चढते. २० पैकी १८ बोगदे मजुरांनी हातांनी खोदले. व्हिडिओखालच्या मजकुरात त्या कष्टांचा उल्लेखही नसावा, हे खटकतं. मार्ग बांधला तो सोग्नेफ्योर्ड या समुद्राच्या लांब, अरुंद खाडीकाठची गावं मीर्डालला ऑस्लो-बर्गन रेल्वेशी जोडण्यासाठी, आणि १९४० साली सुरुवात झाली ती मालगाड्यांनी. आज प्रवाशांत पर्यटक जास्त, एवढं मात्र खरं. मीर्डाल स्थानकापर्यंत अजूनही मोटाररस्ता नाही. तिथे रेल्वेने, नाहीतर पायी किंवा सायकलनेच पोचता येतं.