तिकीट विकणाऱ्याने तिकीट मागावे

भाऊ, डीजे झाला, ऑर्केस्ट्रा झाला, सारंगखेड्याच्या यात्रेत ‘मौत का कुआँ’ही लावून झाला. आता उरली आमदारकी. आजवर तिकिटं विकलीत, आता एक विकत... चुकलो, मागून घ्या.

या वाटेने आधी गेलेला थोर पुरुष म्हणजे अमेरिकेचा सर्कसवाला पी. टी. बार्नम. 1835 साली त्याने गुलामगिरीत पिचलेली एक म्हातारी लोकांपुढे बसवली. म्हणे हिचं वय 161, हिने जॉर्ज वॉशिंग्टनला लहानपणी सांभाळलं. ती वारल्यावर शवविच्छेदन झालं, वय ऐंशीच्या वर नाही असं निघालं. त्या शवविच्छेदनालाही याने तिकीट लावलं होतं! खोटं उघडं पडण्याचाही कार्यक्रम करता येतो, भाऊ. आपल्याकडे त्याला पत्रकार परिषद म्हणतात.

पण खरी विद्या पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या त्याच्या म्युझियममध्ये लोक एकदा आत शिरले की हलायचे नाहीत. मग त्याने एका दारावर ‘बाहेर जाण्याचा रस्ता’ याला असलेला जड शब्द लिहिला. लोकांना वाटलं, नवीन जनावर आलं. धावत गेले ते थेट रस्त्यावर. आपल्या यात्रेत ‘निर्गमद्वार’ अशी पाटी लावून बघा, निर्गम नावाचा प्राणी बघायला पोराला खांद्यावर घेऊन रांग लागते की नाही! जाहीरनाम्यात असलेच शब्द घाला. ‘तत्त्वतः मंजुरी’ तर हुकमी. लोक कौतुकाने आत शिरतात, मागच्या दाराने उन्हात येतात आणि पाच वर्षांनी पुन्हा रांगेत.

बाकी किरकोळ. अनामत 10,000 रुपये, एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर जप्त. रात्री दहाला भोंगा बंद, हे तुम्हाला जरा जड जाईल. भाषणाची सुरुवात अहिराणीत करा, म्हणजे ‘आपलाच मानूस शे’ म्हणतील. रावेर-यावलकडे मात्र हा प्रयोग नको, तिथे लेवा गणबोली चालते. भरीत पार्टीला वांगी बामणोदचीच आणा. मतदार तुमच्या शब्दाला फसेल, वांग्याला नाही.

बार्नमच्या चरित्राची शेवटची पानं तेवढी चिकटवून टाका. 1865 मध्ये तो कनेक्टिकटच्या विधानसभेत गेला आणि ज्याने म्हातारीवर गल्ला भरला तोच काळ्यांच्या मताधिकारासाठी बोलला. 1875 मध्ये ब्रिजपोर्टचा महापौर झाला, तर शहराचा पाणीपुरवठा नीट करायच्या मागे लागला. बघा, एवढा हुशार माणूस, आणि खुर्चीवर बसल्यावर तंबूच गुंडाळला! आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. ते रोज यायला लागलं तर पुढच्या निवडणुकीत बोलणार काय?

टाकीचं भूमिपूजन मात्र दणक्यात करा. स्टेज तुमचं, जनरेटर तुमचा. नारळ फुटला की स्मोक मशीन सोडा, म्हणजे धुरात टाकी कुठे आहे हे कोणी विचारणार नाही. आणि मंडपाच्या मागच्या कनातीवर ती पाटी आठवणीने लावा. ठळक अक्षरात, बाण काढून.