डोकी मोजून दिलेले पैसे

महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटी रुपये आणि २० वर्षांत २ लाख नोकऱ्या. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून पुणेकर मित्रांची छाती फुगलेली आहे. आता हजारो माणसांचे स्टुडिओ येणार, जगातला सगळ्यात मोठा गेम हिंजवडीत बनणार! मी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलला राहतो, म्हणजे या धोरणाला जे गाव व्हावंसं वाटतंय त्याच गावात. मला त्या २ लाखांच्या आकड्याचीच धास्ती वाटते.

क्वेबेक सरकारनं १९९७ मध्ये युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीला इथं आणलं ते माणशी अनुदान देऊन. माइल एंड भागातल्या एका जुन्या कापड कारखान्यात स्टुडिओ थाटला गेला. (कारखाना जाऊन ऑफिस येणं म्हणजे काय, हे लालबाग-परळच्या माणसाला मी काय सांगणार!) पुढे पगारखर्चाचे ३७.५ टक्क्यांपर्यंत पैसे परत मिळायला लागले आणि गावात एकामागून एक स्टुडिओ आले. नोकऱ्या खऱ्या होत्या, पगार चांगले होते, आमच्या मराठी मंडळातली चार घरंही त्यावर चालतात. पण जिथं पगारावर सवलत मिळते तिथं माणूस वाढवणं स्वस्त पडतं, आणि 'हे काम करायची गरज आहे का' असं विचारणारा बैठकीत एकटा पडतो.

माणसं आणि खर्च फुगण्याचा सगळा दोष अनुदानाचा नाही, हेही खरं. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात जून २०२३ मध्ये सोनीची कागदपत्रं बाहेर आली. काळ्या मार्करनं खोडलेले आकडे स्कॅन केल्यावर वाचता येत होते. सोनीचे गेम बनवायला लागलेला खर्च: 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ला २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' ला २१.२ कोटी डॉलर आणि ३०० माणसं. हिशेब अवघड नाही. माणशी महिना सगळा खर्च १५ हजार डॉलर धरा, ३०० माणसं, पाच वर्षं: २७ कोटी डॉलर झाले. जाहिरात वेगळी. ७० डॉलरच्या गेममधले ३० टक्के दुकानदार कंपनीकडे जातात. म्हणजे २० कोटी नुसते वसूल व्हायलाच ४० लाखांहून जास्त प्रती पूर्ण किमतीत खपायला हव्यात. एवढं पणाला लागलं की कोण नवीन काही करून बघणार? मग भाग दोन, भाग तीन, जुन्याचं नवं रूप.

माणसं लागतात तरी कशाला? युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' या गेममध्ये ऋतू बदलतात. हिवाळ्यात तळं गोठतं, म्हणजे पाण्यात लपता येत नाही. म्हणजे तीच जागा दुसऱ्या ऋतूसाठी पुन्हा रचायची, पहारेकऱ्यांचं वागणं पुन्हा तपासायचं, बर्फावरच्या पावलांचा आवाज वेगळा करायचा, आणि हे सगळं प्रत्येक यंत्रावर चालतं का ते कुणीतरी बसून बघायचं. हे 'कुणीतरी' बऱ्याचदा दुसऱ्या देशात असतं. पुण्यातल्या कितीतरी पोरांनी गेल्या वीस वर्षांत हेच केलं आहे.

पुण्याला मोठं काम मिळालंही होतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा मॉन्ट्रियलचा गेम नव्यानं बनवायचं काम युबिसॉफ्टनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं. सप्टेंबर २०२० मध्ये झलक आली आणि जगभर टिंगल झाली. तेव्हा आमच्या ग्रुपवर सुतकी कळा होती. २०२२ मध्ये काम काढून मॉन्ट्रियलला दिलं. 'आपल्याला जमत नाही' असं बरेच जण म्हणाले. जानेवारी २०२६ मध्ये तो गेमच रद्द झाला. मॉन्ट्रियललाही जमला नाही! आणि ज्या मूळ खेळातून हे सगळं निघालं तो १९८९ मध्ये जॉर्डन मेक्नर नावाच्या एका तरुणानं, भावाच्या धावण्या-उड्यांचं चित्रीकरण करून, जवळजवळ एकट्यानं बनवला होता.

जमलं नाही तर माणसांचं काय होतं, तेही इथं दिसतं. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं गेमिंगमधली १,९०० माणसं काढली, फेब्रुवारीत सोनीनं ९००. त्याच वर्षी क्वेबेकनं अनुदान आवळलं. ओळखीतल्या एका मुलीनं इथल्या एका स्टुडिओत सहा वर्षं फक्त झाडं केली. फार सुंदर झाडं. आता ती मुलाखती देते, आणि 'तुझा गेम कोणता' या प्रश्नावर तिच्याकडे दाखवायला झाडंच आहेत.

याच्या उलट फ्रान्समधलं मोंपेलिए. तिथल्या सँडफॉल स्टुडिओनं तीसेक माणसांत, बाहेरून थोडी मदत घेऊन, 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' हा गेम बनवला, एक कोटी डॉलरच्या आत. एप्रिल २०२५ मध्ये आला, तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. त्याचा दिग्दर्शक आधी युबिसॉफ्टमध्ये नोकरीला होता. फ्रान्समध्ये सीएनसी ही सरकारी संस्था गेमच्या प्रकल्पाला निधी देते. आपल्या ३,२६८ कोटींत त्या खर्चाचे पस्तीसेक गेम बसतात, पुण्यातल्या पगारांत त्याहून कितीतरी जास्त. त्यातले बरेच बुडतील. बुडू देत.

पुण्यात हे करणारे लोक आहेतच. नॉडिंग हेड्स स्टुडिओच्या मूठभर मंडळींनी 'राजी' हा गेम बनवला. २०१७ ला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत गेला. अशा लोकांना अर्ज करताना 'किती रोजगार देणार' हा रकाना भरायला लावणार असाल, तर ते तो खोटा भरतील किंवा अर्जच करणार नाहीत.

क्वेबेककडून उचलायची एक गोष्ट मात्र आहे. त्या ३७.५ टक्क्यांतले साडेसात टक्के गेम फ्रेंचमध्येही उपलब्ध असेल तरच मिळतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आम्ही इथंही वाटले होते. धोरणाच्या नियमांत मराठी आवृत्तीसाठी असे साडेसात टक्के घालायला कुणाची हरकत असेल, असं वाटत नाही.