पोपट कधी 'करलं' म्हणत नाही

काका नमस्कार,

तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. ज्यांनी मागचा किस्सा वाचला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात : आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांनी हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंना "बापाचा रोड आहे का?" असं विचारलं, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. त्यावर काकांचं म्हणणं असं की मुलं म्हणजे पोपट, ऐकतात ते बोलतात, आमच्या वेळी एक धपाटा बसला की शब्द परत तोंडात येत नसे, तुम्ही हसून पोरं बिघडवताय.

हसलो ते चुकलंच, मान्य. पुढचे चार दिवस दूधवाला, लिफ्टमधले आजोबा, शेजारची मांजर, सगळ्यांना तोच प्रश्न. सात-आठ मोठी माणसं एकदम आपल्याकडे बघून हसतात, यापेक्षा मोठं बक्षीस त्या वयात काय असणार?

पण पोपट नाही हो काका. नीट बघा काय झालं ते. त्याचा बाबा नळस्टॉपला कोणी राँग साईडने आडवा आला की हे वाक्य बोलतो (रोज बोलतो, खोटं कशाला सांगू). आणि काकू बसल्या होत्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून, बरोब्बर ह्याच्या सायकलच्या वाटेत. म्हणजे रस्ता अडवला की हे म्हणायचं, एवढं त्याने कोणी न शिकवता टिपलंय, फक्त कोणाला म्हणायचं नाही हे अजून कळलेलं नाही. आणि त्यात आवाज चढलेला, चेहरा लाल, हॉर्नवर हात. असं वाक्य मुलाच्या लक्षात राहणारच, "बाळा चप्पल जागेवर ठेव" कसं राहील, ते आपण सपाट आवाजात दिवसातून वीसदा म्हणतो.

शिवाय पोपट कधी "मी अंघोळ करलं" म्हणेल का? आमच्या घरात असं कोणीच बोलत नाही. धरलं, भरलं, तसं करलं, असा हिशोब मुलं स्वतः लावतात. उलटंही होतं, अडीच वर्षांचा असताना दिवसभर मी आणि आजीच घरात, तर पठ्ठ्या "मी येते", "मी जेवते" म्हणायचा, आणि भूक लागली की "तुला भूक लागली" म्हणत यायचा कारण त्याला आम्ही तसंच म्हणायचो. कोणी काही न करता हळूहळू सुटलं ते.

आता धपाटा. अल्बर्ट बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, स्टॅनफर्डचे. 1961 मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना बघितलं की मुलं मारण्याची पद्धतच काय, सोबतचे शब्दसुद्धा उचलतात. पण मला 1965 चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात काही मुलांना फिल्म दाखवली की मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली, तर त्या मुलांनी नक्कल कमी केली. तुमचाच मुद्दा ना? पण नंतर सांगितलं की त्याने काय काय केलं ते करून दाखवा, प्रत्येकाचं स्टिकर आणि ज्यूस मिळेल, तर सगळ्या गटांना सारखंच येत होतं! तिथे शिक्षा मुलांना झाली नव्हती हे खरं, तरी मला त्यातून एवढं कळतं की दिसायचं थांबलं म्हणजे आतून पुसलं गेलं असं नाही. तुमच्या वेळचे ते शब्द तुम्हाला अजून पाठ असतीलच की :)

आणि मी मारलंच नाही असं नाही हो. दिला होता एकदा धपाटा, "परत बोलशील?" म्हणून. संध्याकाळी बघते तर साहेब टेडीला पालथं घालून फटके देतायत, "परत बोलशील? परत बोलशील?" अगदी माझ्या आवाजात. त्या दिवशी मी जेवले नाही नीट.

एक मात्र सांगते, कारण खाली एका ताईंनी विचारलंय. तीन वर्षांनंतरही मूल स्वतःचं फारसं न बोलता "पाणी हवंय?" ला "पाणी हवंय?" एवढंच परत म्हणत असेल तर ओरडू नका, बऱ्याचदा ते "हो" असतं, पण मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

आमच्याकडे सध्या असं चाललंय की न हसता, न ओरडता "काकू, जरा सरकता का?" असं म्हणून दाखवायचं आणि तसं म्हटलं की लगेच सरकायचं. निम्म्या वेळा जमतं. खरी मेहनत नवऱ्यावर चालू आहे, तो आता आडव्या आलेल्याला "जा बाबा जा" म्हणतो, दात ओठ खाऊन. काल आजी तिसऱ्यांदा दुधाचा पेला घेऊन मागे लागली तेव्हा तिलाही तेच ऐकायला मिळालं. ती म्हणते हा उद्धटपणा आहे, नवरा म्हणतो प्रगती आहे, मी अजून ठरवलेलं नाही.