तळं खरवडून, बांधून आणि मासे सोडून साफ होत नाही

उन्हाळा लागला की कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. सांगणं असं: मे महिन्यात तळं आटवा, जेसीबी लावून कातळ लागेपर्यंत गाळ काढा, चारही बाजूंनी चिऱ्याची भिंत घाला, गवत्या (ग्रास कार्प) आणि तिलापिया मासे सोडा, मधोमध कारंजं बसवा. मग वीस वर्षं तळ्याकडे बघायला नको.

पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण लोक वर्गणी काढून हे करतात, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींनी तळ्याचं नुकसानच होतं.

आधी गाळ. तळ्यात पाणी कमी साठतं आणि तळ्यातलं पाणी हिरवं पडतं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. गाळ काढल्याने पहिलं नक्की कमी होतं. दुसरं होईलच असं नाही, कारण पाणी हिरवं करणारं शेवाळ मुख्यतः स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर, पोसलं जातं. 1973 साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सरोवर 226’ मध्ये पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्यात त्याच्या जोडीला स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, पलीकडचा तसा झाला नाही. आपल्या तळ्यांत हा स्फुरद येतो तो मोरीच्या सांडपाण्यातून, गुरांच्या शेणातून, शेतातल्या खतातून, निर्माल्यातून. जांभा सच्छिद्र असल्याने काठालगतच्या शोषखड्ड्यांतलं पाणीही तळ्याकडे झिरपू शकतं. हे सगळं चालू ठेवून गाळ उपसला, तर पुढच्या पावसाळ्यापासून भरणा पुन्हा सुरू.

गाळ निर्दोष असतो असं मात्र नाही. कोकणच्या लाल जमिनीत स्फुरद अडकून पडतो, हे खत घालणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. मातीतलं लोह त्याला धरून ठेवतं. तळाशी प्राणवायू आहे तोवर गाळातही तसंच चालतं. पण वर जलपर्णीची गच्च चादर पसरली, खाली पानं कुजू लागली आणि प्राणवायू संपला, की लोहाची पकड सुटते आणि साठलेला स्फुरद पाण्यात परत येतो. स्वीडनमधल्या ट्रुमेन सरोवरात असंच झालं. सांडपाणी 1950 च्या दशकाअखेरीस बंद केलं, तरी पाणी सुधारेना. शेवटी 1970-71 मध्ये गाळ काढला, तेव्हा सुधारलं. म्हणजे गाळ काढण्याचा उपयोग झाला, पण सांडपाण्याचा नाला तळ्यापासून तोडल्यानंतर.

आणि कातळ लागेपर्यंत तर कधीच खणू नये. तळाशी बसलेला चिकण थर पाणी धरतो. तोच खरवडला, तर सच्छिद्र जांभ्यातून पाणी निसटू लागतं.

भिंतीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. तळ्याचा उतरता, चिखलाचा, गवताळ काठ लोकांना घाण दिसतो, पण तळ्यातला निम्माअधिक जीव तिथेच वाढतो. बेडकांची आणि चतुरांची पिल्लं तिथे, पाणकोंबडीचं घरटं तिथल्याच पाणकणसात, आणि वरून येणारी माती नि खत अडवणारी चाळणही तीच. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की चढणीचे मासे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, वर, भातखाचरांत अंडी घालायला निघतात, हे कोकणात पोरासोरांनाही माहीत आहे. चारही बाजूंनी उभी चिऱ्याची भिंत घातली, तर ते चढणार कुठून? मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव 1530 सालचा. टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध, आजूबाजूला झाडी. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. तो काही चारही बाजूंनी भिंतीत कोंडून टिकलेला नाही.

मासे. गवत्याला आवडतात पाण्याखालच्या कोवळ्या वनस्पती. जलपर्णी तो सहसा टाळतो. म्हणजे नको ती राहते, आणि उथळ तळ्यातलं पाणी नितळ ठेवणारी पाणवनस्पती संपते. तिच्यातला स्फुरद विष्ठेतून पाण्यात, तिथून शेवाळात. तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला गेला. विणीच्या वेळी नर तळ उकरून खड्डे करतो, पिल्लं वर्षातून अनेकदा होतात, आणि मळवे, खवळे यांच्यासारख्या गावच्या माशांना जागा उरत नाही. एकदा सोडलेला तिलापिया परत काढणं जवळपास अशक्य. जलपर्णी हाताने, मुळासकट, फुलण्याआधी काढावी आणि काठावर न टाकता लांब नेऊन कुजवावी. काठावरचा ढीग पहिल्याच पावसात तळ्यात परत जातो.

कारंज्याने पृष्ठभागाला थोडा प्राणवायू मिळतो. स्फुरद एक कणही कमी होत नाही.

राहिलं ‘वीस वर्षं बघायला नको’. नेमकं बघणंच हवं, आणि ते स्वस्त आहे. वीस सेंटिमीटरची एक गोल थाळी घ्या, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी बांधा. दुपारच्या आसपास सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवा. अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये पाण्याचा नितळपणा थाळी सोडूनच मोजला, आणि सरोवरांचे अभ्यासक आजही तो असाच मोजतात. शाळेतली मुलं दर पंधरवड्याला हे करू शकतात. जोडीला जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक व्हाळाच्या आणि गटाराच्या तोंडाशी जाऊन पाहा, कुठून फेस येतो, कुठून लाल माती, कुठून वास. ती वही ग्रामसभेत ठेवा. नाला कोणता तोडायचा, गाळ किती आणि कुठला काढायचा, हे त्यावरून ठरवा. जेसीबीवाल्याला फोन त्यानंतर.