काका, धर्मांतर नेमकं कुणाचं?

मार्च ब्रेकमध्ये आमच्या कॅनडातल्या हॅमिल्टनच्या युनायटेड चर्चच्या गटाबरोबर मी ग्वाटेमालाला चुली बांधायला गेले. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर इंदूरहून रामबागेतल्या काकांचं उत्तर आलं : "चर्चवाले फुकट काही करत नाहीत. आज चुली, उद्या बाप्तिस्मा." खाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

काका, ज्यांच्या घरी आम्ही चुली बांधल्या ती माणसं आधीच ख्रिस्ती आहेत. अतितलान सरोवराकाठची ती माया या तिथल्या मूळ लोकांची गावं. घरात काकचिकेल ही आपली भाषा बोलतात आणि रविवारी कुणी कॅथलिक, कुणी इव्हँजेलिकल चर्चमध्ये जातं. त्यांचा धर्म स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकातच बदलायला घेतला. आमच्या गटात बाप्तिस्मा न झालेली मी एकटीच, आणि मला त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. सकाळी प्रार्थना व्हायची तेव्हा मी मनात रामरक्षा म्हणायचे.

तुमची शंका आकाशातून पडलेली नाही, हे मला कळतं. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल, धर्मांतरावर निर्बंध घालणारा १९६८ चा कायदा, मग २०२१ चा नवा कायदा, हे सगळं आपल्याच मध्य प्रदेशातलं. मिशनरी इंदुरात धर्मप्रसारासाठीच आले होते, तेही १८७७ मध्ये, याच कॅनडातून. पण त्यांनी १८८७ मध्ये काढलेल्या क्रिश्चियन कॉलेजात तुम्हीच शिकलात ना? जानवं घालून आत गेलात आणि जानवं घालूनच पदवी घेऊन बाहेर आलात. मग माझ्यावरच एवढा अविश्वास का?

विचारायचंच तर दुसरं विचारा. आमच्या विमानभाड्यात तिथल्या गवंड्याने किती चुली बांधल्या असत्या? या प्रश्नावरून चर्चच्या बेसमेंटमध्ये, स्पॅगेटी सपरच्या रात्री, आम्ही कडाडून भांडलो. मला अजूनही वाटतं की निम्म्या लोकांनी घरी राहून पैसे पाठवावेत. तिथे खरं काम गावातलाच गवंडी करतो. आम्ही ब्लॉक वाहतो, बांधकामाचा मसाला कालवतो. कुणाच्या घरी आधी बांधायची हे गावच्या बायका ठरवतात. खोलीत तीन दगडांवर लाकडं पेटलेली, छत काजळीने काळं, पाठीवर बांधलेलं पोर खोकतंय, अशा जागी ब्लॉकची बंद चूल, वर टोर्टियासाठी, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पोळ्यांसाठी, लोखंडी पत्रा आणि धूर छताबाहेर नेणारी चिमणी. एवढंच. आपल्या आजीचे डोळे चुलीपुढे चोळून लाल व्हायचे ते आठवतं ना तुम्हाला?

अहिल्याबाईंचं नाव आपण विमानतळाला दिलं. त्यांनी होळकरांच्या राज्याबाहेर काशीला, गयेला, सोमनाथला बांधकामं केली, घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या, याचा आपल्याला केवढा अभिमान! आणि घरातली मुलगी दुसऱ्यांबरोबर लांब कामाला गेली की संशय.

खरं सांगते, मला याहून जास्त लागलं ते वेगळंच. पहिल्या हिवाळ्यात बर्फाचा कोट आणि गरम कॅसरोल घेऊन दारात उभी राहिली ती याच चर्चमधली शेजारीण. मराठी मंडळात मला विचारलं होतं, "पुण्याच्या की मुंबईच्या?" इंदूर म्हटल्यावर, "तरीच, तुमचं मराठी जरा हिंदीसारखं." इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहूनही आपण 'मराठी लोक', आणि मराठी लोकांत आपण 'तिकडचे'. बेसमेंटमध्ये मला कुणी असं मोजलं नाही. तरी ते स्तोत्र म्हणतात तेव्हा मी गप्प उभी असते, आणि त्या क्षणी मला रामबागेतला गणपती, आरतीतला तुमचा चढा आवाज फार आठवतो. त्याच आवाजात तुम्ही मला परकी ठरवावं, हे सोसवत नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी पुन्हा जाणार आहे. वर्गणी सुरू झालीय. हिशेबाचा कागद ग्रुपवर टाकते : ब्लॉक, पत्रा, चिमणी, गवंड्याची मजुरी, विमानभाडं. विमानभाड्यावर हवं तेवढं भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.