चढताना घाई, उतरताना टाळाटाळ

तेल महागलं की लगेच सगळ्याचे भाव वर. वाहतूक वाढली, हे कारण तयारच! मान्य आहे, डिझेलशिवाय ट्रक हलत नाही. युरियासाठी लागणारा अमोनियाही बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनतो आणि तेलाबरोबर वायूही बहुधा महागतो, म्हणजे झळ खत बनवण्याच्या खर्चापर्यंत. पण उतरताना काय होतं? 2022 च्या मार्चमध्ये ब्रेंट कच्चं तेल (जगभर ज्याच्या भावावरून तेलाचा दर मोजतात ते) पिंपाला 120 डॉलरच्या वर गेलं, डिसेंबरात 80 च्या आसपास आलं. वाढवलेले दर त्याच वेगाने खाली आले का? नाहीच! वर अर्थतज्ज्ञ आम्हाला सांगतात, अन्न आणि इंधन वगळून बघा, गाभा महागाई आटोक्यात आहे. अहो, ती दोन वगळून महिना कसा काढायचा? पगारातला पहिला घास तीच घेतात!