चित्रकार व्हायचंय? आधी ट्रॅक्टर काढायला शिका

समजा तुम्ही १९३७ सालचे मॉस्कोतले चित्रकार आहात आणि डोळ्यांना जे दिसतं तेच काढावं असं काहीतरी खूळ तुमच्या डोक्यात आहे. आधी ते काढून टाका बरं. कम्युनिस्ट पक्षाने १९३२ मध्येच कलाकारांचे सगळे स्वतंत्र ग्रुप बरखास्त केलेत, आता रंग, स्टुडिओ, सरकारी ऑर्डरी सगळं कलाकारांच्या सरकारी युनियनच्या हातात, तेव्हा गुमान समाजवादी वास्तववाद शिका. सोपं असतं हो, वास्तव म्हणजे आज आहे ते नाही, उद्या होणार आहे ते, आणि उद्या काय होणार ते पक्षाला विचारायचं.

सुरुवात शेतापासून करा. युक्रेनमध्ये १९३२-३३ ला लाखो माणसं उपाशी मेली, तर तुम्ही काय काढाल? मेजवानी! प्लास्तोव आणि सेर्गेई गेरासिमोव, दोघांनी १९३७ मध्ये सामूहिक शेतावरचा उत्सवच रंगवलाय, टेबलं कशी भरलेली, ऊन कसं छान. बायकांचे दंड पैलवानासारखे हवेत आणि गाल लालबुंद. दमलेला माणूस चुकूनही दाखवू नका, घाम चालेल पण चमकणारा.

खाणीत जायचं तर विक्रमवीर खाणकामगार स्ताखानोव काढा. १९३५ मध्ये एका पाळीत १०२ टन कोळसा, कोट्याच्या चौदापट! मागून लाकडाचे टेकू लावत येणारी माणसं होती म्हणे, पण पोस्टरवर जागा कुठेय, एकच चेहरा पुरे.

शिल्पात मात्र जपून. मुखिनाबाईंनी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी स्टीलचे कामगार आणि शेतकरीण उभे केले, चोवीस मीटरच्या वर उंच, तर म्हणे कुणीतरी चहाडी केली की घडीत ट्रॉट्स्कीचं, म्हणजे स्टालिनच्या हाडवैऱ्याचं, तोंड दिसतंय. म्हणजे साडीच्या, आपलं, स्कर्टच्या निऱ्यासुद्धा पक्षनिष्ठ पाहिजेत.

आणि स्टालिनसाहेब. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, चित्रात औषधालाही सापडायला नकोत.

ऑइल पेंट थोडा शिल्लक ठेवा हं, लागतो नंतर. व्लादिमीर सेरोवने १९४७ मध्ये लेनिनचं भाषण रंगवलं, लेनिनच्या मागे स्टालिन उभा, त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं. मग स्टालिन गेला, वारं फिरलं, १९६२ मध्ये त्याने तेच चित्र परत काढलं, स्टालिन गायब आणि त्या जागी साधी कामगार माणसं. एवढ्या वर्षांनी मजुराला पुढे उभं राहायला मिळालं ते असं, नेत्याची जागा रिकामी झाली म्हणून.